कुठे चाललंय विमान?

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे ते ना माझे वरिष्ठ होते, ना माझ्या खात्यातले. मी फ्लाइट डिस्पॅचर आणि ते लाइन मेंटेनन्सचे इंजिनिअर. मुंबई विमानतळावर आमच्या कचेऱ्या एकमेकींपासून बऱ्याच लांब होत्या. सगळे त्यांना काका म्हणत. आता ते निवृत्त होऊन कोकणात गावी राहतात. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही.

विमान उडायला योग्य आहे अशी सही इंजिनिअर करतो. ते कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून, किती इंधन आणि किती वजन घेऊन जाईल, याचा आराखडा डिस्पॅचर करतो. प्रवाशाला वाटत असेल की ही दोन माणसं शेजारी-शेजारी बसून ठरवत असतील. प्रत्यक्षात कित्येकदा ती एकमेकांना चेहऱ्यानंही ओळखत नाहीत. एकाचं काम तेलाच्या वासात आणि उन्हापावसात चालतं, दुसऱ्याचं वातानुकूलित खोलीत, हवामानाचे नकाशे समोर ठेवून.

आणि दोघांमध्ये असते ती एमईएल, म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. विमानात एखादी वस्तू बिघडली की ते लगेच जमिनीवर अडकतं, असं नाही. कोणती वस्तू बंद असताना किती दिवस आणि कोणत्या अटींवर उडता येईल, हे या यादीत लिहिलेलं असतं. दोष सापडला तो दिवस सोडून ‘बी’ वर्गाला तीन दिवस, ‘सी’ला दहा, ‘डी’ला एकशेवीस. इंजिनिअर टेक लॉगमध्ये स्नॅग लिहितो, वर्ग टाकतो, कॉकपिटमध्ये ‘इनॉप’ची पट्टी चिकटवतो आणि विमान सोडतो. कायद्यानं त्याचं काम तिथे पुरं होतं. पण त्या नोंदीचा अर्थ तिथे पुरा होत नाही. एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, बंद असेल तर मुंबईत फारसं अडत नाही. बाहेरून हवा देणारी गाडी बे वर येते आणि इंजिन सुरू होतं. तेच विमान अशी गाडी नसलेल्या लहान विमानतळावर गेलं आणि तिथे दोन्ही इंजिनं बंद केली, तर परत कसं निघणार? हवेचा एक पॅक बंद असेल तर उंचीवर मर्यादा येते, खालून उडावं लागतं आणि इंधन जास्त जळतं. ते जास्तीचं इंधन आराखड्यात कोणी धरायचं? डिस्पॅचरनं. पण त्याला ते कळलं पाहिजे, आणि वेळेवर कळलं पाहिजे.

काकांची सवय अशी की एमईएलची नोंद करण्याआधी ते हमखास विचारायचे, “कुठे चाललंय विमान?” त्यांच्या खात्यातल्या कित्येकांना हा प्रश्न गैरलागू वाटे. विमान ठीक आहे किंवा नाही, एवढंच आपण सांगायचं. ते दिल्लीला जावो नाहीतर लेहला. काकांना हे कधीच पटलं नाही.

एका पावसाळ्यात पहाटे मंगळुरूच्या फेरीसाठी ठरलेलं विमान अडकलं आणि ऑपरेशन्स कंट्रोलनं त्याच्या जागी दुसरं दिलं. आमच्या धंद्यात ही रोजची गोष्ट; टेल, म्हणजे फेरीला लावलेलं नेमकं विमान, बदलतात. माझा आराखडा नव्या टेलसाठी पुन्हा निघाला, कुठेही लाल खूण नव्हती. त्या विमानाचा डावा रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून विमान थांबवायला मदत करणारी यंत्रणा, आदल्या रात्री लॉक केलेला होता. टेक लॉगमध्ये नोंद स्वच्छ होती, वर्ग ‘सी’, सही, तारीख, सगळं. फक्त पाळी बदलताना ती मेंटेनन्स कंट्रोलच्या टेबलावर राहिली होती आणि माझ्या पडद्यापर्यंत आली नव्हती. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब. मंगळुरूची २,४५० मीटर, डोंगराच्या माथ्यावर, टोकांपलीकडे उतार. मे २०१० मध्ये तिथेच धावपट्टी ओलांडून गेलेल्या विमानातल्या १५८ जणांचा जीव गेला. त्या अपघाताची कारणं वेगळी होती, पण तेव्हापासून त्या धावपट्टीकडे कोणी सहज पाहत नाही. रिव्हर्सर बंद असलेलं विमान पावसात तिथे पाठवायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता.

काकांनी बे वर माल चढवणाऱ्या मुलाला नेहमीचाच प्रश्न विचारला. उत्तर ऐकलं आणि मला फोन केला. “बाळा, या टेलचा डावा रिव्हर्सर लॉक आहे. मंगळुरूला पाऊस आहे ना?” होता. आम्ही ते विमान दिल्लीच्या फेरीला लावलं आणि दिल्लीचं मंगळुरूला. दोन्हीकडचे प्रवासी उशिरामुळे वैतागले.

कॅप्टननं विमानात चढल्यावर टेक लॉग वाचलाच असता, हे मला मान्य आहे. पण ती शेवटची जाळी. प्रवासी बसलेले, वेळ टळत आलेली, अशा क्षणी सगळा भार एका माणसावर टाकणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

एकदा रात्रपाळीच्या चहाला मी त्यांना विचारलं की तुम्हाला एवढी धास्ती कशाची असते? त्यांनी गिमलीची हकिकत सांगितली. जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७. इंधन दाखवणाऱ्या यंत्रणेत दोष होता. एडमंटनच्या तंत्रज्ञाला उपाय सापडला: एका चॅनेलचा सर्किट ब्रेकर बाहेर ओढून ठेवला की काटे चालतात. त्यानं तसं केलं आणि लिहूनही ठेवलं. पुढे मॉन्ट्रियलला दुसऱ्या तंत्रज्ञानं तपासणीसाठी तो ब्रेकर पुन्हा आत दाबला, मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं आणि ब्रेकर तसाच राहिला. काटे कोरे झाले. आधीच्या कॅप्टनशी झालेल्या बोलण्यातून नव्या कॅप्टनचा समज झाला की विमान कोऱ्या काट्यांनीच आलं आहे. कोऱ्या काट्यांनी निघायला एमईएलची परवानगी नव्हती, तरी मेंटेनन्सनं मंजुरी दिली आहे असं त्यांनी धरलं. मग पट्टीनं इंधन मोजलं आणि लिटरचं वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा आकडा वापरला गेला. २२,३०० किलो हवं होतं, भरलं त्याच्या निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडू लागली. बॉब पिअर्सन आणि मॉरिस क्विंटल यांनी ते घरंगळत गिमलीच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं आणि ६९ जण वाचले.

लोक ही गोष्ट किलो-पौंडाची म्हणून सांगतात. काकांना त्यात वेगळंच दिसे. प्रत्येकानं काही ना काही बरोबर केलं होतं, तरी एकाला माहीत असलेलं दुसऱ्यापर्यंत पोचताना अर्थ बदलत गेला. मला त्यांचं वाचन जास्त खरं वाटतं. पुढे अलास्का एअरलाइन्सच्या २६१ क्रमांकाच्या फेरीचा अहवाल वाचताना ते मला सतत आठवत होते. ३१ जानेवारी २००० ला शेपटीतला जॅकस्क्रू वंगणाअभावी झिजून निकामी झाला आणि ८८ माणसं गेली. त्याआधी अडकलेली शेपटी सांभाळत वैमानिक रेडिओवर डिस्पॅचशी वेगळं बोलत होते, मेंटेनन्सशी वेगळं.

काकांमुळे मी हँगरमध्ये जायला लागलो. लॉक केलेला रिव्हर्सर हात लावून पाहिला, ब्रेकची झीज दाखवणारी पिन पाहिली. तेही माझ्या खोलीत येऊन बसत आणि पर्यायी विमानतळासाठी इंधन कसं धरतात ते विचारत. त्यांच्या खात्यातले काहीजण यावर नाराज होते. काकांनी ती नाराजी सोसली आणि मला कधी कळूही दिली नाही. पुष्कळ वर्षांनी दुसऱ्याच कोणाकडून मला ते समजलं. त्यांच्या ऋणातला हा भाग मला सर्वांत जड वाटतो.

आता एमईएलची नोंद संगणकातून थेट आराखड्यात उतरते, आणि ते चांगलंच आहे. पण नोंद टाकणारा माणूसच असतो, आणि पाळी बदलण्याची वेळही तीच असते. विमान कंपन्यांत जे आज प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखतात त्यांना माझी विनंती आहे: नव्या डिस्पॅचरला काही रात्रपाळ्या हँगरमध्ये पाठवा, आणि नव्या इंजिनिअरला काही पहाटा डिस्पॅचच्या टेबलाशी बसवा. खर्च फार येत नाही.