मागची खुर्ची

विमानानं उडावं, होडीनं तरंगावं, हा जगाचा नियम. पण ब्रिटिशांच्या ‘शॉर्ट १८४’नं १९१५ साली दोन्ही संसार थाटले. लाकडी सांगाडा, वर कापड, चाकांऐवजी पोकळ पेट्या आणि दुमजली पंखांत तारांचं जाळं! पंखांचा पसारा ६३ फूट ६ इंच. १:७२ प्रमाणात माझ्या टेबलावर जेमतेम २७ सेंटिमीटर. तारांऐवजी दोरा ओवताना चष्मा, चिमटा आणि कुलदैवत, तिन्ही लागतात.

१२ ऑगस्ट १९१५ रोजी दार्दानेल्सच्या मोहिमेत एडमंड्सनं असल्याच विमानातून तुर्की जहाजावर टॉर्पेडो सोडला. पाच दिवसांनी डेकरचं इंजिन कुरकुरलं. गडी सरळ पाण्यावर उतरला, होडीसारखा चालत गेला, टॉर्पेडो सोडला आणि पुन्हा उडाला! टॉर्पेडोचं ओझं असं, की मागच्या सोबत्याला ठेवूनच निघावं लागे.

“मग ही मागची खुर्ची कुणाची?” सौ.नं विचारलं.

“ठेवून गेलेल्याची.”

ती क्षणभर रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्याचा जीव वर लागून राहिला असेल हो. तारा जरा घट्ट बांधा.”