इंद्रजालचे जुने अंक

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये काढला. त्यात ली फॉक यांचा वेताळ होता. हा नायक अमेरिकेतील वृत्तपत्रांत १९३६ पासून रोजच्या चित्रपट्टीत झळकत होता आणि ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या भारतीय वाचकांना आधीच ठाऊक होता. पहिले ३२ अंक त्याच्याच कथांचे निघाले. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर ही मंडळी आली, आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. मासिक म्हणून सुरू झालेली ही मालिका पाक्षिक झाली, मग साप्ताहिक झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. इंग्रजी, हिंदी आणि मराठीसह अनेक भाषांत ती निघत असे. महाराष्ट्रातल्या संग्राहकांच्या कपाटात आज जे जुने कॉमिक्स जपलेले असते, त्यात इंद्रजालचा वाटा सहसा सर्वांत मोठा.

वेताळाच्या बहुतेक गोष्टी आज पुनर्मुद्रित पुस्तकांत वाचायला मिळतात. तरीही जुना अंक हवासा वाटतो, कारण इंद्रजालचा अंक ही मूळ पट्टीची नुसती नक्कल नव्हती. वृत्तपत्रातली पट्टी आडवी, कॉमिक्सचे पान उभे. रोजच्या पट्टीची पहिली चौकट बहुधा कालचा प्रसंग थोडक्यात सांगते; सलग पानात तिची गरज उरत नाही. म्हणून संपादक चौकटी गाळत, कापत, एखादी लांबवत. नावेही बदलली गेली. मूळ कथेत वेताळाचा मुलूख ‘बेंगाली’ होता, तो इथे ‘डेंकाली’ झाला. ‘सिंग’ टोळीचे समुद्री चाचे ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या वडिलांचा खुनी ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला. भारतीय वाचकाचे मन दुखावू नये एवढाच त्यामागे हेतू. मूळ पट्टी आणि इंद्रजालचा अंक शेजारी ठेवून चौकट चौकट ताडून पाहणे हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवाने झालेले मत आहे. एखाद्या पानावर वेताळाचा हात मनगटाशी तुटल्यासारखा दिसतो. मूळ पट्टी पाहिली की कळते, चौकट अरुंद करताना तो कापला गेला. मुंबईतल्या टेबलावर कात्री घेऊन बसलेल्या, आज कोणाला नावानेही ठाऊक नसलेल्या माणसाचे काम असे डोळ्यांसमोर येते.

मुखपृष्ठे तर पूर्णपणे इथलीच. सुरुवातीच्या सुमारे पन्नास अंकांची बहुतेक मुखपृष्ठे बी. गोविंद या सहीने रंगवलेली आहेत, म्हणजे पुढे बहादूर चितारणारे तेच ब्राह्मणिया. आतली चित्रे रेषेची आणि सपाट रंगाची. मुखपृष्ठ मात्र सिनेमाच्या पोस्टरसारखे, कुंचल्याने भरलेले, अंधारातून उजेडात येणारे. या अंकांच्या मागच्या पृष्ठावर भिंतीला लावण्याजोगे मोठे चित्र असे. ते खरोखरच भिंतींवर गेले, आणि म्हणून मागचे पान शाबूत असलेला अंक हाती आला की संग्राहकाचा दिवस सार्थकी लागतो.

अंक मिळतात ते रद्दीत. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांच्या ढिगांत ते असत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अजूनही अधूनमधून एखादा गठ्ठा निघतो. दिवाळीच्या आधीचे दिवस चांगले, कारण तेव्हा माळे साफ होतात. एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की तीस-चाळीस वर्षे न हललेल्या ट्रंका एकदम रस्त्यावर येतात. रद्दीवाल्याशी ओळख असणे इथे पैशापेक्षा अधिक कामाचे. तो गठ्ठा तराजूवर चढवण्याआधी बाजूला काढून ठेवतो, फोन करतो, आणि शाळेच्या वह्यांच्या थरामागून अचानक १९६० च्या दशकातला मँड्रेक बाहेर येतो. इंग्रजी आणि हिंदी अंक त्या मानाने बरेच दिसतात. मराठी प्रती प्रस्तुत लेखकाच्या हाती फार कमी लागल्या, आणि ज्या लागल्या त्या बहुधा भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांच्या होत्या.

अशा वाचनालयाची एक प्रत जवळून पाहण्यासारखी आहे. चार-पाच अंक एकत्र करून त्यांना जाड पुठ्ठा लावलेला, शिलाई दाभणाने घातलेली, कडा यंत्रावर कापलेल्या. त्या कापण्यात बाहेरच्या चौकटींचा काठ गेला. पहिल्या पानावर जांभळा शिक्का, त्याखाली परत करण्याच्या तारखा एकाखाली एक. मे महिन्याच्या तारखा दाटीने आहेत, जूनच्या मध्यापासून विरळ होतात. शाळा सुरू झाल्याचे त्या रकान्यात दिसते. जाहिरातीच्या पानावरचे कुपन कोणीतरी नीट कातरून नेले आहे आणि त्याच्या पाठीमागे असलेली वेताळाची चौकट त्याबरोबर गेली. तिथे आता खिडकी आहे. तिच्यातून पुढच्या पानावरचा घोड्याचा पाय दिसतो. बाजारभावाच्या दृष्टीने ही प्रत जवळपास कवडीमोलाची. पण ती कोणकोणत्या हातांतून गेली हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी प्रत त्या संग्रहात नाही, आणि ती विकण्याचा विचारही लेखकाच्या मनात येत नाही.

संग्रह वाढू लागला की यादी करावी लागते. इंद्रजालच्या यादीत दोन ठिकाणी नवा माणूस हमखास अडतो. पहिले म्हणजे १२३ आणि १२४ हे क्रमांक. संपामुळे ते अंक निघालेच नाहीत, पण मालिका पुढे १२५ वर गेली. त्यामुळे कोणाच्याही संग्रहात तिथे रिकामी जागाच असते आणि ती भरायची नसते. दुसरी अडचण नंतरच्या वर्षांची. १९८० च्या दशकात सलग क्रमांक छापणे थांबले आणि खंड व अंक अशी पद्धत आली. तेव्हापासूनचा अंक मालिकेत कितवा, हे मोजूनच ठरवावे लागते.

जुन्या अंकाचा पहिला शत्रू त्याच्या पोटातच असतो: लोखंडी पिन. कोकणपट्टीच्या दमट हवेत ती गंजते, गंज कागदात उतरतो आणि मधले पान पिनेभोवती कुरतडल्यासारखे तुटते. पिन ओढून काढायची नसते. अंक मधोमध उघडून, बोथट सुरीच्या टोकाने तिचे दोन्ही पाय सरळ करायचे, मग पाठीकडून ती अलगद उचलायची आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवायचा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात झिरपतो आणि तो डाग पुढे निघत नाही. पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ हाच त्यावरचा सुरक्षित इलाज. कागद मुळात स्वस्त लगद्याचा; त्यातले लिग्निन उजेडाने पिवळे पडते, म्हणून अंक उन्हापासून दूर, आम्लविरहित पुठ्ठा पाठीशी घालून, पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत आडवे ठेवतात. कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या कपाटात ठेवण्याची घरोघरची जुनी रीत इथेही चालते, फक्त पूड कागदाला लागू द्यायची नाही. पावसाळ्यात कपाट उघडण्याचे दिवस मोजके ठेवलेले बरे.

अमर चित्रकथेचा संग्रह थोडा निराळा. अनंत पै इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात तिथे काम करत होते आणि १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाउसकडून अमर चित्रकथा सुरू केली. या पुस्तकांचे पुनर्मुद्रण इतक्या वेळा झाले की प्रश्न अंक मिळण्याचा नसून मुद्रण ओळखण्याचा असतो. किंमत आणि प्रकाशित पुस्तकांची यादी यावरून छपाईचा काळ बराचसा ठरवता येतो. ‘कृष्ण’ हे पुस्तक मूळ मालिकेत ११ क्रमांकाचे, नंतरच्या मालिकेत ५०१ चे. राम वाईरकरांची चित्रे असलेल्या या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत गोवर्धन उचलण्याचा प्रसंग हात राखून दाखवला होता, पुढच्या आवृत्तीत तो ठळक झाला. दोन्ही प्रती समोर असल्या की संपादकाचा विचार कसा बदलत गेला हे चित्रातच वाचता येते.

अमेरिकेत हा छंद केव्हाच बाजार बनला आहे. सुपरमॅनचा पहिला अंक, म्हणजे जून १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’, मूळ दहा सेंटचा. २०१० मध्ये त्याची एक प्रत दहा लाख डॉलरला गेली. तिथे प्रतीला दहापैकी गुण देऊन ती प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवतात, म्हणजे ती पुन्हा उलगडता येत नाही. इंद्रजालच्या संग्राहकांनी हा मार्ग फारसा धरलेला नाही, आणि ते चांगलेच झाले. इथला व्यवहार अजून बऱ्याच अंशी अदलाबदलीचा आहे. एकाकडे बहादूरच्या दोन प्रती असतात, दुसऱ्याला रिप कर्बी जादा झालेला असतो. दोघे चहाच्या टेबलावर अंक उलगडतात, पाने मोजतात, मधले पान जागेवर आहे ना ते पाहतात आणि मगच हात मिळवतात. ज्याच्या अंकात एखादे पान नाही त्याला दुसरा आपल्या प्रतीवरून ते स्कॅन करून देतो. छापून घेतलेले ते पान जुन्या अंकाला शिवत वा चिकटवत नाहीत. त्याच पिशवीत, अंकाच्या मागे, सुटे ठेवतात.