निदान तरी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक वाद झाला. एकत्र कुटुंबांत वाद व्हावयाचेच. परंतु या वादांत चूक आमची होती, आणि वडीलपणाच्या मानामुळें ती त्या वेळीं कोणीं बोलून दाखविली नाहीं. म्हणून आम्हीच ती येथें सांगत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मेंदू व मज्जातंतु यांच्या रोगांचा डॉक्टर आहे. साडेपांच वर्षांची पहिली पदवी, तीन वर्षांची दुसरी आणि आणखी तीन वर्षांची तिसरी, असा अभ्यास संपवून तो बाहेर पडला तेव्हां त्याचें वय एकतीस झालें होतें आणि शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज फिटावयाचें होतें. अशा वेळीं एका खाजगी रुग्णालयानें त्याला भरघोस वेतन देऊं केलें. त्याच आठवड्यांत त्याला पांच वर्षांची एक संशोधनवृत्तिही मंजूर झाली. वेतन निम्म्याहून कमी; आणि काम काय, तर लाखांत दोघाचौघांना होणाऱ्या आनुवंशिक रोगाचीं कुटुंबें शोधावयाचीं व त्यांची नोंद ठेवावयाची. ही वृत्ति पत्करण्याचा मनोदय त्यानें रात्रीं पानावर बोलून दाखविला.

आम्हीं हातांतला घांस ताटांत ठेवला व म्हटलें, "अरे, क्षयानें आणि मधुमेहानें घरेंच्या घरें गांजलीं आहेत. तीं सोडून तूं लाखांतल्या दोघांच्या मागें लागणार? आणि कर्ज काय तुझा काका निवृत्तिवेतनांतून फेडणार?" तो एवढेंच म्हणाला, "काका, एक दिवस माझ्याबरोबर रुग्णालयांत चला. मग तुम्ही म्हणाल तसें करीन."

आम्ही गेलों. तें सार्वजनिक रुग्णालय. सकाळीं नऊ वाजतांच व्हरांडा माणसांनीं भरून गेला होता, आणि प्रत्येकाच्या वाट्याला चारपांच मिनिटें. दहाच्या सुमारास साताऱ्याकडील एक बाई आली. वय चाळिशीच्या आंतलें. पण चालतांना भिंतीचा आधार घेई, आणि जीभ जड झालेली. सोबत सोळासतरा वर्षांची मुलगी होती. आई दारू पिते, असें गांवांतले लोक बोलतात, हें तिनें मान खालीं घालून सांगितलें. यापूर्वीं चार दवाखाने झाले होते. कोणी अशक्तपणा म्हणाला, कोणी मनाचा रोग.

आमच्या पुतण्यानें तिच्यासमोर बोट धरलें व डावीकडून उजवीकडे पाहावयास सांगितलें. निरोगी डोळा एका झेपेंत पलीकडे जातो. तिचे डोळे ओढून न्यावे तसे सावकाश सरकत होते. त्याच्या चर्येवरून त्याला कांहीं उमगलें असें दिसलें. पण दाराशीं रांग खोळंबली होती. तो म्हणाला, "काका, यांची वंशावळ तेवढी लिहून घ्याल का?"

वंशावळी आम्हीं पुष्कळ लिहिल्या. परंतु अशी ही पहिलीच. बांकावर तासभर बसून बाईंस एकेक नातें विचारीत गेलों. वडील, आत्या, चुलत आजोबा. कागदावर अकरा नांवें आलीं. त्यांतील पांच माणसें म्हातारपणाआधींच लटपटत चालूं लागलीं व खाटेला खिळून गेलीं. लिहून झाल्यावर ती बाई हात जोडून म्हणाली, "बाबा, औषध नसलं तर नसूं द्या. निदान नांव तरी सांगा."

आम्हीं उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविला. निदान म्हणजे रोगाचें मूळ कारण व त्याची ओळख. माधवकरांचा माधवनिदान हा ग्रंथ तर केवळ रोग ओळखण्यासाठींच लिहिलेला आहे. मराठींत तोच शब्द 'कमींत कमी' या अर्थानें येतो. ज्याला औषध मिळत नाहीं, त्याला कमींत कमी निदान तरी मिळावें, हें त्या अशिक्षित बाईनें एका शब्दांत आम्हांस शिकविलें.

घरीं परततांना पुतण्यानें पुढील हकीकत सांगितली. मंद डोळ्यांचें हें लक्षण प्रथम नेमकेपणानें टिपलें तें आपल्या मुंबईंत. डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी स्वामी यांनीं नऊ कुटुंबांतील रुग्ण पाहून 1971 सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें 1996 सालीं या रोगाच्या एका प्रमुख प्रकाराचा आनुवंशिक दोष सांपडला, आणि आतां रक्ताच्या तपासणीनें नांव सांगतां येतें. रोग थांबविणारें औषध अद्याप नाहीं. मग नांवाचा उपयोग काय? उपयोग हा, कीं दारूचा आळ जातो. निष्फळ उपचारांवरचा पैसा वांचतो. आणि मुलांपैकीं प्रत्येकास रोग होण्याचा संभव निम्मा असल्यानें, मुलगी सज्ञान झाल्यावर, तिची इच्छा असेल तरच, तिला स्वतःविषयीं जाणून घेतां येतें.

नांवामागून कधीं कधीं औषधही येतें. लहान मुलांचे स्नायु दुबळे करणारा एक मज्जारोग वेर्डनिग यांनीं 1891 सालीं वर्णिला. त्याचा दोष 1995 सालीं सांपडला. आणि पहिलें औषध अमेरिकेंत 2016 सालीं मान्य झालें. सव्वाशें वर्षें लागलीं! आपल्या सरकारनें 2021 सालीं दुर्मीळ रोगांविषयीं राष्ट्रीय धोरण केलें, व 2022 पासून त्यांत नमूद केलेल्या रोगांच्या रुग्णांस 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची सोय आहे. पण रोगाचें नांवच ठाऊक नसेल, तर अर्ज कोणत्या रोगाचा करावयाचा?

आणि नांव शोधणारा माणूस कोठून यावा? सकाळपासून रांगेला वाहिलेल्या डॉक्टराजवळ हुशारी असते, उत्कंठा असते. नसतो तो वेळ. तिशीच्या पुढें संसार व कर्ज दोन्हीं बाजूंनीं ओढतात, आणि याच वयांत संशोधनाचा हात सुटतो. 1872 सालीं जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरानें एका आनुवंशिक कंपरोगाचें वर्णन लिहिलें, त्याला कोणाची वृत्ति नव्हती. परंतु त्याचे वडील व आजोबाही डॉक्टर होते, आणि त्याच कुटुंबांविषयींचीं त्यांचीं टिपणें त्याच्या हातीं होतीं. तीन पिढ्यांचें भांडवल त्याला घरींच मिळालें. ज्याच्या घरीं तें नाहीं, त्याला तें समाजानें द्यावयास हवें. 2008 सालीं भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग व इंग्लंडांतील वेलकम ट्रस्ट यांनीं मिळून इंडिया अलायन्स ही संस्था काढली. तिच्या वृत्तींत रोगी पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांची वेगळी सोय ठेवलेली आहे. अशी वृत्ति वेतनाच्या रूपानें खरोखर वेळच देते.

क्षयरोग्याच्या तोंडचें औषध काढून हा खर्च करा, असें आम्ही म्हणत नाहीं. दोन्हीं हवीं. पण आमचे वडील वारावर जेवून शिकले. सात घरांनीं सात वार वांटून घेतले, म्हणून एक गरीब विद्यार्थी उभा राहिला. कोणत्याही एका घराला तो भार झाला नाहीं. हा एकतिशीचा डॉक्टरही विद्यार्थीच आहे. त्याचा एखादा वार आपण कां उचलूं नये?

त्या रात्रीं पानावर आम्हीं सर्वांदेखत सांगितलें, "वृत्ति घे. पांच वर्षें कर्जाचा निम्मा हप्ता आमच्या ठेवीच्या व्याजांतून जाईल." बंधु गप्प राहिले. घराच्या कौलांसाठीं राखलेलें तें व्याज होतें, हें त्यांना ठाऊक होतें. आमच्या सौभाग्यवतीनें मात्र भात वाढतां वाढतां म्हटलें, "कौलें आणखी दोन पावसाळे निभावतील."

श्रावणांत त्या बाईंची तपासणी आली. रोग तोच निघाला. पुतण्यानें नांव मराठींत ठळक लिहून, हा दारूचा परिणाम नव्हे, असें त्याखालीं लिहून दिलें. तो कागद तिच्या मुलीनें दोनदां वाचला, घडी घालून दप्तरांत ठेवला, आणि विचारलें, "औषध केव्हां निघेल?"

"तें शोधणारीं माणसें टिकलीं तर निघेल," एवढेंच तो म्हणाला.