वाट्याचे पाणी

'हद्द' हा शब्द आपण जमिनीच्या सवयीने वापरतो. शेताला बांध असतो, गावाला वेस असते. पाण्यावर यांपैकी काहीच टिकत नाही. भाषा मात्र तीच राहते. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीकविषयी वाचताना मला हे सतत जाणवते.

ही सुमारे ९६ किलोमीटर लांबीची भरती-ओहोटीची खाडी. तिच्यासंबंधीचा १९१४ सालचा ठराव मुंबई सरकारचा. त्याच्याच आधारे पाकिस्तान सीमा पूर्व काठावर दाखवतो, तर भारत खाडीच्या मध्यावर. एका संहितेची दोन वाचने मी वर्गात आनंदाने चालवून घेतो. इथे त्यांची किंमत मच्छीमार मोजतात. खाडीच्या मुखाशी सीमा ठरलेली नाही, म्हणून पुढच्या समुद्रातही ती ठरलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातलगतच्या समुद्रात 'जलपरी' बोटीवर गोळीबार होऊन पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार मारला गेला. गुन्हा नोंदवला गेला तो पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेच्या जवानांवर.

आणि तरीही याच अरबी समुद्रात दुसरी एक रेघ आहे. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव कराराने समुद्राचे विभाग पाडले ते मालकीसाठी नव्हे, जबाबदारीसाठी. या विभागणीचा राष्ट्रांच्या सीमांशी संबंध नाही, हेही त्यातच नमूद केले. २००५ मध्ये भारताचे तटरक्षक दल आणि तीच पाकिस्तानी संस्था यांच्यात परस्पर संपर्काचा करार झाला. ४ डिसेंबर २०२४ रोजी पोरबंदरहून इराणला निघालेले 'अल पिरानपीर' हे गलबत बुडाले, तेव्हा खलाशी पाकिस्तानच्या बचावक्षेत्रात होते. मुंबईच्या बचाव समन्वय केंद्राने तिकडच्या केंद्राशी संपर्क साधला. पाकिस्तानचे विमान शोधाला निघाले आणि भारताच्या 'सार्थक' नौकेने छोट्या होडीतल्या बाराही खलाशांना वाचवले.

याला मैत्री म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही 'सीमांशी संबंध नाही' या कोरड्या कलमाचे मला मोल वाटते. वाद मिटेपर्यंत थांबायला बुडणाऱ्याजवळ वेळ नसतो, एवढे त्याला कळलेले आहे.

मराठीत वडिलोपार्जित जमीन वाट्याला येते आणि आजाऱ्याची सेवाही वाट्यालाच येते. पहिल्या अर्थावर या दोन देशांचे अजून एकमत नाही. दुसऱ्या अर्थाने त्या दिवशी बारा माणसे वाचली.