चाक किती मोठे असावे?

आपल्या समाजातील जी कुटुंबे या देशात येऊन स्थायिक झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पहिले घर आगगाडीच्या किंवा बसच्या सोयीने निवडले. पुढील पिढी मात्र नोकरीधंद्यानिमित्त दूरवर पांगली. कोणी कोणी डोंगराळ मुलखातही जाऊन राहिले. तेथे मोटार ही चैनीची वस्तू राहत नाही. बाजार, शाळा आणि रुग्णालय यांच्याशी जोडणारा तो एकमेव दुवा असतो. तेव्हा अशा गाडीच्या चाकांविषयी चार शब्द लिहिले, तर वाचकांना ते अस्थानी वाटू नयेत.

आमचा भाचा वेल्समधील पॉविस परगण्यात एका टेकडीवर राहतो. घराकडे जाणारी शेवटची वाट कच्ची असून मध्ये एक ओढा लागतो. आमच्या थोरल्या भगिनी वैधव्यानंतर ठाणे सोडून त्याच्याकडे राहावयास गेल्या. त्यांचे दोन्ही गुडघे अधू आहेत आणि उपचारांसाठी त्यांना दर आठवड्यास रुग्णालयात जावे लागते. त्यासाठी भाच्याने एक जुनी लँड रोव्हर डिफेंडर ११० विकत घेतली. आधीच्या मालकाने लांब स्प्रिंगा बसवून ती दोन इंच उंच केलेली होती. टायर मात्र झिजलेले होते. रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, चाकाच्या संपूर्ण परिघावर, नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर असली पाहिजे, असा येथील कायदा आहे. तेव्हा नवे टायर घेणे भागच होते. गाडी मुळात उंच आहे, मडगार्डखाली जागाही मोकळी दिसते, तर ३५ इंची टायर आणि त्यांना साजेशा रुंद रिमा घ्याव्यात, असे त्याच्या मनाने घेतले. “मामा, तुम्ही गणिताचे मास्तर, एवढा हिशेब तपासून द्या,” असे त्याने आम्हांस कळविले.

हिशेब कठीण नाही. टायरच्या कडेवर ‘२३५/८५ आर १६’ असे काही छापलेले असते. २३५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा ८५. ‘आर’ हे रेडियल बांधणीचे चिन्ह, आणि १६ हा रिमचा व्यास, इंचांत. यावरून एका कडेची उंची सुमारे २०० मिलिमीटर येते. दोन्ही कडा मिळून ४००, त्यात रिमचे ४०६ मिळविले की चाकाचा व्यास सुमारे ८०६ मिलिमीटर होतो. ११० या गाडीस कंपनीकडून हे माप मिळत असे. ‘३५ इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३१५/७५ आर १६ या टायरचा व्यास याच रीतीने सुमारे ८७९ मिलिमीटर भरतो. फरक ७३ मिलिमीटरांचा.

आता पहिला प्रश्न: गाडी वाटेतील दगडापासून किती उंच झाली? जुन्या डिफेंडरची (हिचे उत्पादन सॉलिहल येथे जानेवारी २०१६ मध्ये थांबले) समोरासमोरची दोन चाके एका अखंड आसाने जोडलेली असतात. त्या आसावर डिफरन्शियलचा गोळा असतो आणि खालून दगड लागतो तो बहुधा त्यालाच. लांब स्प्रिंगांनी वरचा सांगाडा उचलला जातो, आस जेथल्या तेथेच राहतो. आसाला वर उचलणारी वस्तू एकच, ती म्हणजे टायर. आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्मेच उचलतो. म्हणजे एवढ्या खर्चाने लाभ होणार सुमारे ३६ मिलिमीटरांचा, जेमतेम दोन बोटांचा.

गाडीत चढण्याची पायरी मात्र दोन्ही उपायांनी उंच होते. स्प्रिंगांचे ५० आणि टायरचे ३६ मिळून ८६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच. स्प्रिंगांचे दोन इंच ताईंना आधीच जड जात होते. दोनदा त्या गाडीपाशी जाऊन परत घरात आल्या होत्या आणि उपचारांचे ते दोन आठवडे वाया गेले होते.

दुसरा प्रश्न वेगाचा आणि ब्रेकचा. चाक ९ टक्क्यांनी मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी ९ टक्के अधिक अंतर तोडते. वेगदर्शक आधी अचूक असेल, तर तो ताशी ६० मैल दाखवीत असता गाडी ६५ मैलांहून अधिक वेगाने धावत असेल. आणि दर्शकाने प्रत्यक्षाहून कमी वेग दाखविणे येथील नियमांस मान्य नाही. ब्रेकचे गणित तरफेचे आहे. चाकाची त्रिज्या वाढली, ब्रेक तोच राहिला, तर पायाच्या तितक्याच जोराने जमिनीवरील रोध सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. इंजिनाची ओढही तितकीच घटते, आणि चढावर ती जाणवते.

तिसरी गोष्ट रिमची. ३१५ रुंदीच्या टायरला निदान ८ इंच रुंदीची रिम लागते. डिफेंडरच्या रिमला पाच बोल्ट १६५.१ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात; पहिल्या डिस्कव्हरीची रिम तिला जुळते, दुसऱ्या डिस्कव्हरीची जुळत नाही. पण भोके जुळली म्हणजे काम झाले असे नव्हे. रुंद रिम चाकाला बाहेर ढकलते, त्यामुळे बेअरिंगांवर भार वाढतो. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावला तर चिखलपाणी मागील वाहनांवर उडते, आणि ते अडविणारे आच्छादन चाकावर असणे बंधनकारक आहे. असे बदल विमा कंपनीस कळवावे लागतात ते वेगळेच.

रुंदीविषयी आपल्या कोकणच्या बैलगाडीची आठवण होते. तिच्या चाकाची लोखंडी धाव अरुंद असे. वरचा चिखल कापून ती खालच्या कठीण थरावर टेकत असे; मात्र खोल दलदलीत किंवा पुळणीत तीच धाव रुतून बसे. वेल्समधील त्या वाटेवर वीतभर चिखलाखाली पक्का दगड आहे. तेथे २३५चा अरुंद टायर अधिक उपयोगी. ३१५चा रुंद टायर खोल, मऊ जमिनीवर तरून जाण्यासाठी चांगला; पण तशी जमीन त्या वाटेवर नाही.

भाच्याने ओढ्याचा मुद्दा काढला. या गाडीला ५०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाता येते असे कंपनी सांगे. जो पूर ५०० ला दाद देत नाही, तो ५३६ ला काय देणार? अशा दिवशी अलीकडच्या काठावर थांबणे, हाच उपाय.

अखेर त्याने २३५/८५ आर १६ हेच माप घेतले, पोलादी रिमांवर. नक्षी निव्वळ चिखलाची नव्हे, तर सर्व प्रकारच्या रस्त्यांची, कारण रुग्णालयाची बहुतेक वाट डांबरीच आहे. खरेदीपूर्वी आम्ही त्यास दोन गोष्टी पाहावयास सांगितल्या. एक, कडेवरील भारांक: १२० असा अंक म्हणजे एका टायरवर १४०० किलो, आणि तो गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याहून कमी नसावा. दुसरी, चार अंकी तारीख: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. दुकानात पुष्कळ दिवस पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण रबर जुने झालेले असते.

वाचलेल्या पैशांतून त्याने दाराखाली एक मजबूत पायरी आणि आत धरावयास एक मूठ बसवून घेतली. मडगार्डखालची मोकळी जागा अजून तशीच आहे आणि ती त्याला अधूनमधून खुपते. ताई मात्र त्यानंतर एकाही आठवड्यास चुकलेल्या नाहीत.