वगळलेल्या ओळी

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या बँकेच्या शाखेपुढे २०१७ च्या दिवाळीपूर्वी सकाळी दहाच्या आधीच माणसे उभी राहत. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचा शासन निर्णय २८ जून २०१७ रोजी निघाला होता आणि दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ होणार होते. अर्ज ऑनलाइन भरायचे, अंगठा यंत्रावर द्यायचा, आणि बँकांनी प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून पाठवायची, अशी ती रीत होती. शाखाधिकाऱ्यांच्या निवृत्तीस तेव्हा थोडाच काळ उरला होता. यादी, तपासणी, दुरुस्ती आणि पुन्हा यादी यांतच त्यांचे दिवस जात होते.

अशाच एका सकाळी एक विधवा शेतकरीण त्यांच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. ‘‘साहेब, शेजारणीचं नाव आलं, माहं काहून नाही? म्या तं अंगठाही देल्ला.’’

साहेबांनी तिला बसावयास सांगितले आणि खाते उघडून पाहिले. पतीच्या निधनानंतर कर्ज तिच्या नावे झालेले, रक्कम मर्यादेच्या आत, थकबाकीची तारीख योजनेत बसणारी. शाखेने पाठविलेल्या यादीत तिचे नाव होते. मुख्य कार्यालयाकडून छाननी होऊन परत आलेल्या यादीत मात्र ते नव्हते. त्यावर शेरा नव्हता, नावापुढे खूण नव्हती. ओळच नव्हती.

ही गोष्ट साहेबांना सर्वांत अधिक खटकली. ते खातेवहीच्या काळात नोकरीस लागलेले. त्या काळी चुकीची नोंद खोडण्याचाही एक शिस्तबद्ध रिवाज होता. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर योग्य आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. ब्लेडने खरवडलेली नोंद तपासनीसाच्या नजरेस पडली तर कारकुनाची धडगत नसे. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीतही ज्यांची नावे बसली नाहीत त्यांना कारण सांगता येत होते. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला उर्वरित रक्कम भरल्यावर सवलत, असा तो नियम होता. सात एकर कोरडवाहू कापूस आणि तूर पेरणारा माणूस त्या नियमात ‘मोठा’ ठरला. हे विदर्भात अनेकांना अन्यायाचे वाटले, आणि ते वाटणे चुकीचे नव्हते. पण निदान त्या माणसाला भांडायला एक नियम समोर दिसत होता. या बाईंपुढे काहीच नव्हते.

साहेबांनी मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागात दूरध्वनी केला. तिथला तरुण हुशार होता आणि उद्धट नव्हता, ही आनंदाची गोष्ट. त्याने सांगितले, ‘‘साहेब, आयकर भरणारे योजनेत बसत नाहीत. म्हणून मी तेवढेच काढले. बाकी कोणाला हात लावलेला नाही.’’ साहेबांनी त्याला नेमकी आज्ञा वाचून दाखवायला सांगितली. ‘आयकर’ या रकान्यात ‘होय’ नसलेल्या ओळी द्याव्यात, एवढीच ती होती.

वरकरणी यात दोष दिसत नाही, आणि म्हणूनच हा दोष जगभर होत आला आहे. आज्ञेची ही भाषा म्हणजे एसक्यूएल. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये सारी माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली आणि १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी तिच्यासाठी ही भाषा रचली. तिच्यात ‘व्हेअर’ या शब्दापुढे अट लिहिली की अटीत न बसणाऱ्या ओळी गळून पडतात. गळतात म्हणजे मूळ तक्त्यातून पुसल्या जात नाहीत, उत्तरात तेवढ्या येत नाहीत. परंतु ज्याच्या हाती केवळ उत्तराचा कागद पडतो, त्याच्या दृष्टीने त्या ओळी कधी नव्हत्याच.

खरी अडचण रिकाम्या चौकटीची आहे. त्या भाषेत तिला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘नाही’ही नव्हे; ‘माहीत नाही’ एवढाच तिचा अर्थ. समजा दहा खातेदार आहेत. एकाच्या रकान्यात ‘होय’, सहांच्या रकान्यात ‘नाही’ आणि तिघांचा रकाना रिकामा. ‘होय नसलेले द्या’ म्हटल्यावर कोणताही कारकून नऊ नावे काढून देईल. संगणक सहाच देतो. रिकाम्या चौकटीत ‘होय’ आहे की नाही, असे विचारल्यावर त्याचे उत्तर ‘ठाऊक नाही’ असे येते, आणि ‘व्हेअर’ची चाळणी फक्त खात्रीचे ‘खरे’ ठेवते. ‘खोटे’ जसे गळते तसेच ‘ठाऊक नाही’ही गळते. त्याहून विलक्षण प्रकार ‘नॉट इन’ या शब्दांचा. ‘या दुसऱ्या यादीत नसलेले द्या’ असे म्हणावे आणि त्या दुसऱ्या यादीत चुकून एक जरी चौकट रिकामी असली, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. तो प्रकार त्यातल्या त्यात बरा म्हणायचा, कारण कोरा कागद पाहून कोणीही दचकतो. दहातले तीन गेलेले मात्र लक्षात येत नाहीत.

या बाईंचा रकाना रिकामाच होता. खाते नावावर करताना त्यांच्याकडे पॅन नव्हते, म्हणून फॉर्म ६० घेतला गेला होता. तो कागद फायलीत राहिला आणि संगणकात आयकराची चौकट कोणी भरलीच नाही. कोणी भरली नाही, याचे उत्तर साहेबांना शोधावे लागले नाही. ती शाखा त्यांचीच होती.

तरुणाने लगेच उपाय सुचविला. ‘किंवा रकाना रिकामा असेल’ एवढे अटीत जोडले की तिन्ही नावे परत येतील. साहेबांनी त्यास नकार दिला. रिकाम्या चौकटीला मुकाट्याने ‘होय’ समजणे जितके चूक, तितकेच तिला ‘नाही’ समजणेही चूक. त्या तिघांत एखादा आयकर भरणारा असू शकतो. २००८ च्या योजनेची महालेखापरीक्षकांनी तपासणी केली, तिचा अहवाल २०१३ मध्ये संसदेपुढे आला. त्यात दोन्ही तऱ्हांच्या चुका नोंदलेल्या आहेत. लाभ मिळालेल्या ८०,२९९ तपासलेल्या खात्यांपैकी ८.५ टक्के प्रकरणांत लाभार्थी अपात्र होते. आणि लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७ पात्र असूनही बँकांनी पात्रांच्या यादीतच घेतली नव्हती. पहिली चूक सरकारच्या पैशाची, ती लेखापरीक्षणात वसूल करण्यास तरी सांगता येते. दुसरी चूक ज्याच्या वाट्याला येते तो बहुधा पुढचे पीककर्जही गमावतो, कारण थकबाकीदाराला नवे कर्ज कोण देणार?

म्हणून तीन याद्या करायचे ठरले. ठेवलेल्या, काढलेल्या आणि ठाऊक नसलेल्या. त्या तरुणाने ‘इज नल’ ही वेगळी अट वापरून तिसरी यादी शाखेनिहाय काढली. तीन याद्यांची बेरीज मूळ संख्येशी जुळल्याशिवाय कोणतीही यादी पुढे पाठवायची नाही, असेही ठरले. वाणिज्य शाखेच्या माणसाला यात नवे काही नाही. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक जुळवणे त्याच्या अंगवळणीच पडलेले असते. संगणकापुढे बसल्यावर आपण ते का विसरतो, एवढेच आश्चर्य.

साहेबांच्या शाखेची तिसरी यादी दीड पानाची निघाली. पुढचे काही दिवस एक कारकून आणि गावोगावचे गटसचिव तिच्यामागे होते. काहींच्या फायलीत कागद सापडले, काहींना बोलवावे लागले. एका निवृत्त शिक्षकाने आपण आयकर भरतो असे स्वतःच लिहून दिले आणि ‘‘मला कोणी विचारलंच नव्हतं’’ असे म्हणून तो चहा घेऊन गेला.

पुढे बाईंचे नाव यादीत आले आणि रक्कमही खात्यात जमा झाली. ती नोंद करून घेण्यासाठी त्या पासबुक घेऊन शाखेत आल्या, तेव्हा साहेबांनी कारकुनाला त्यांची फाईल काढावयास सांगितली. पासबुक छापून होईपर्यंत त्या बाकावर बसल्या होत्या. तेवढ्या वेळात फॉर्म ६० समोर ठेवून आयकराची ती चौकट भरली गेली.