नावेत निजलेला प्रभू

मांडवीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला वादळ म्हणजे काय हे शुभवर्तमान वाचून शिकावे लागत नाही. जून उजाडला की होड्या वाळूवर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात आणि पुढचे दोन महिने समुद्राकडे नुसते पाहत राहायचे, हा येथला रिवाज. तरीही संत मार्कच्या चौथ्या अध्यायातील गालील सरोवरावरचे वादळ आम्हांला उमगले ते २०२० सालच्या उन्हाळ्यात, आणि तेही आमच्या आईमुळे.

त्या वर्षी २७ मार्चच्या रात्री, आपल्याकडे साडेदहाच्या सुमारास, आमचे सारे घर एका लहानशा मोबाईलभोवती बसले होते. रोममध्ये पाऊस पडत होता. संत पेत्राच्या रिकाम्या चौकातून दिवंगत पोप फ्रान्सिस एकटेच चालत वर गेले आणि त्यांनी मनन केले ते नेमके याच वादळाच्या उताऱ्यावर. साथीच्या दिवसांत पूर्वी रोमच्या रस्त्यांतून मिरविलेला संत मार्सेलो मंदिरातील क्रूस तेथे पावसात भिजत उभा होता. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्रभू उशीवर डोके ठेवून निजला होता, हे फक्त मार्कच सांगतो. मत्तय आणि लूक उशीचे नाव घेत नाहीत." बाबांना अशा बारकाव्यांची फार हौस.

झावळ्यांचा रविवार आम्ही अंगणातल्याच माडाची झावळी हाती घेऊन साजरा केला. पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला आला आणि घरातच सरला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबा गेले. कोरोनाने नव्हे, हृदयविकाराने. परंतु मरणाचे कारण कोणतेही असले तरी नियम सर्वांना एकच होता : अंत्यविधीला वीस माणसे. मुंबईच्या थोरल्या बहिणीला वेळेत पास मिळाला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर धर्मग्रामातल्या प्रत्येक प्रेतयात्रेत गीतांना सूर धरला, त्याच्या शवपेटीमागे तोंडाला पट्टी बांधलेली मोजकी माणसे चालली, आणि गाणे कोणीच म्हटले नाही. फादरांचा कंठ दाटून आला होता, तो मुखपट्टीमुळे दिसला नाही इतकेच.

त्यानंतर आमची प्रार्थना आटली. जपमाळ रोज होई, पण शब्द ओठांवरून निसटून जात. एके रात्री दुःखाची रहस्ये म्हणताना आई मध्येच थांबली आणि भिंतीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे पाहून मोठ्याने म्हणाली, "झोपलायस काय रे? आमचं काहीच वाटत नाही तुला?" आम्ही चपापलो. ज्या बाईने पन्नास वर्षांत देवापुढे आवाज चढविला नव्हता, तिने हे बोलावे! मग तिने माळेचा सुटलेला मणी शोधला आणि पुढचे रहस्य सुरू केले.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. त्याचा मुख्य तडाखा उत्तरेला श्रीवर्धन-अलिबागकडे बसला, दापोली-मंडणगडची पार दैना झाली. त्या मानाने रत्नागिरी वाचली असेच म्हणायचे. तरी मिऱ्या बंधाऱ्याशी 'बसरा स्टार' हे जहाज येऊन आदळले, आणि आमच्या पडवीवरची कौले पानांसारखी उडाली. वारा पुरता पडलाही नव्हता तोच शेजारचे तांडेलकाका ताडपत्री घेऊन आले. "वैनी, तुम्ही आत व्हा," एवढे बोलून ते शिडीवर चढले. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळात त्यांच्या पुतण्याची होडी समुद्रात अडकली होती. कित्येक घरची माणसे त्या वेळी परतलीच नाहीत. त्या दिवसांत बाबा दोन रात्री त्यांच्याजवळ जेट्टीवर बसून होते. तिसऱ्या दिवशी पुतण्या परतला. काकांनी त्याची आठवण काढली नाही, आम्हीही काढली नाही.

चहा पिताना आईने त्यांना विचारले, नांगर टाकल्यावर होडी स्थिर राहते ना? काका हसले. "स्थिर कसली, वैनी? नाचते की. वाहून जात नाही, एवढंच."

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, आणि रोमच्या भुयारी दफनभूमींत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर नांगर कोरले, हे आम्ही पूर्वी वाचले होते. नांगर म्हणजे निश्चलता, अशी मात्र आमची समजूत होती.

त्या रात्री दिवे नव्हते. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही मार्कचा तो उतारा पुन्हा काढला. शिष्यांनी प्रभूला जागे केले ते नम्रपणे नव्हे. आम्ही बुडतो आहोत याची तुला पर्वा नाही काय, असे त्यांनी विचारले. म्हणजे जवळजवळ आईचेच बोल. उपदेशात या ठिकाणी शिष्यांच्या अल्पविश्वासावर बोट ठेवले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु मत्तयाच्या वृत्तांतात प्रभू आधी शिष्यांना बोलतो व मग वाऱ्याला धमकावतो. मार्कमध्ये वारा आधी शांत होतो, बोलणे नंतर. हा बारकावा बाबांच्या ध्यानात आला असता तर त्यांनी तो आठवडाभर सर्वांना ऐकविला असता. आम्हांला त्यातून धीर आला तो असा, की त्यांची तक्रार ऐकून प्रभू उठला. ज्याला नाव सोडून जायचे आहे, तो निजलेल्याला हाक मारीत बसत नाही. आईची हाक ही त्या महिन्यात आमच्या घरातून निघालेली कदाचित एकमेव खरी प्रार्थना होती. आमचे गुळगुळीत शब्द तिच्यापुढे फिके होते.

दुःख गेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पावसाळाभर आई दोन कप चहा ओतून मग एक परत भांड्यात रिकामा करीत असे.

१६ नोव्हेंबरला राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली. २२ तारखेला ख्रिस्तराजाचा सण होता. पासष्टीपुढच्यांनी घरीच थांबावे असा सरकारी सल्ला होता, तो आईने ऐकून घेतला आणि पांढरी साडी नेसून निघाली. बाकांवर अंतर राखण्यासाठी एकाआड एक जागेवर खडूने फुली मारलेली होती. आई आपल्या नेहमीच्या बाकावर बसली. तिच्या उजवीकडच्या जागेवर, जेथे बाबा बसत, फुलीच होती. तिने पदराच्या टोकाने ती फुली पुसली, तेथे बाबांचे गीतांचे पुस्तक ठेवले आणि मिस्सा सुरू होण्याची वाट पाहू लागली.